परिषदेत नेलेले बोंबील

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, एका रंगाच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये आम्ही तिघांनी मासे सुकवायचं यंत्र बनवलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नुकताच डिप्लोमा झालेलो आणि जगाला शहाणपण शिकवायला निघालेलो. यंत्र म्हणजे पत्र्याचं कपाट, आत जाळीचे ट्रे, एका बाजूला हीटर आणि पंखा. पालघरचा भागीदार व्यापाऱ्याच्या घरातला. शेड त्याच्या वडिलांची होती, त्यामुळे आम्ही दोघं नोकर असल्यासारखा तो बोलायचा. बोईसरचा भागीदार पत्राकाम बघायचा आणि ज्याचं पारडं जड त्याच्या बाजूनं मान डोलवायचा. मी किनाऱ्यावरच्या मुरबे गावचा. कल्पना माझी आणि बोंबील माझ्या आईचे.

आई किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या उभारून त्यांवर बोंबील वाळत घालायची. आमच्याकडे वाळूची मालकी कागदावर नसते. ज्या घराच्या वलांड्या दरसाल जिथं उभ्या राहतात, ती जागा त्या घराची. एक मोसम मोकळी सोडली की गेली. पण अवेळी पाऊस आला की वलांडीवरचा माल सडायचा आणि खतात जायचा, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. त्या वर्षी मी आईला सांगितलं, यंदा वलांड्या नको, परिषद झाली की पहिलं यंत्र तुझ्या अंगणात लावतो. तिनं बांबू जावेला देऊन टाकले. मुलगा शिकलेला, मग विश्वास ठेवायला नको?

परिषद मुंबईला होती, नव्या तंत्रज्ञानाची. नव्या उद्योगांना तिथं एक टेबल आणि विजेची जोडणी मिळणार होती. पालघरच्यानं तिघांसाठी एकसारखे टाय आणले. मी म्हटलं, यंत्र नुसतं ठेवायचं नाही, चालवून दाखवायचं. ताजे बोंबील बर्फात घालून नेले आणि एसीच्या त्या बंद हॉलमध्ये हीटर चालू केला.

वासाचा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. मी त्या वासातच जन्मलो. त्या दोघांची नाकं शेडमध्ये राहून राहून मेली होती. पालघरच्याला तर त्याची आई अंघोळीशिवाय घरात घेत नसे, हे तो स्वतःच हसत सांगायचा, तरी आमच्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. पहिलं भाषण संपेपर्यंत बोंबील व्यासपीठावर पोचले होते. संगणकवाले नाकाला रुमाल लावून आमच्याकडे बघायला लागले. आयोजकांपैकी एक बाई आल्या आणि त्यांनी फार अदबीनं विचारलं, इथं काही मेलंय का?

पालघरच्यानं माझ्याकडे बोट केलं. "हे सगळं याचं आहे. कोळी आहे हा."

आम्हाला बाहेर जनरेटरशेजारी बसवलं. दिवसभरात जेवण वाढणारा एक वेटर तेवढा आला, त्यानं चार बोंबील मागून घेतले आणि खिशात घातले. परिषदेतला आमचा एकमेव चाहता तो.

परत आल्यावर शेडमध्ये बैठक झाली. परिषदेतून काय शिकलो ते प्रत्येकानं सांगायचं होतं. बोईसरचा म्हणाला की गुळगुळीत कागदावर माहितीपत्रक हवं. मी म्हणालो की सुरुवातीची आच कमी करायला हवी, बोंबील सुकण्याआधी शिजतात. पालघरच्यानं आमचं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि सांगितलं की मासे सोडायचे आणि डहाणूच्या वाड्यांतले चिकू सुकवायचे. बोईसरच्यानं मान डोलवली.

मी म्हणालो, निदान हे यंत्र आईला द्या. तिनं जागा सोडली आहे.

"ट्रे धुऊन निघतील," तो म्हणाला. "तुझं काय करायचं? वाडीवाले तुला दारात उभं करणार नाहीत."

मला अजूनही त्याचा संताप येतो, आणि सगळ्यात जास्त संताप याचा येतो की धंद्याच्या हिशेबानं त्याचं बरोबर होतं. सुकवलेले चिकू हातोहात खपले. मी शेडपुढच्या त्याच रंगाच्या कारखान्यात पाळीवर लागलो.

मुरब्याला आमच्या जागेवर जावेच्या वलांड्या उभ्या होत्या, त्याही आईच्याच बांबूंच्या. आईनं भांडण केलं नाही. भांडायला तोंड कुठं होतं? ती जावेचे बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगायच्या कामाला लागली. आधी तिला वयामुळे "बाय" म्हणणारी जाऊ आता सगळ्यांदेखत नावानं हाका मारून कामं सांगायची.

पुढच्या दिवाळीत पालघरच्यानं चिकूचं एक पाकीट माझ्या हातात ठेवलं, वर म्हणाला की आईला दे. मी ते फेकून द्यायला हवं होतं, पण घरी कसं काय आलं कोण जाणे. आईनं एक फोड खाल्ली आणि पाकीट पदराआड घेऊन ती किनाऱ्यावर गेली. मी मागोमाग गेलो. वलांड्यांखाली बसलेल्या बायकांना ती एकेक फोड वाटत होती. पहिली तिनं जावेला दिली.

"खाऊन बघ," ती सांगत होती. "माज्या पोराच्या मशीनचे हायत."