पूजेला बसलेली इंग्रज पोरगी

माझी मोठी जाऊ कनका, म्हणजे आमची आक्का, पुस्तक वाचताना खो खो हसते, एवढाच तिचा गुन्हा. शहरातल्या गिंडी भागातल्या एका कारखान्याच्या ऑफिसात ती नोकरी करते. संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाक उरकते आणि एका इंग्रज पोरीची विनोदी रोजनिशी उघडते. पाच भाग आहेत. पोरगी स्वतःला थोर कवयित्री समजते आणि दर पानावर तोंडघशी पडते. शाळेत असताना आक्काला पहिला भाग मैलापूरच्या वाचनालयात सापडला. वाचनालय बंद पडलं तेव्हा तिनं पाचही विकत घेतले आणि सासरी येताना बरोबर आणले.

"तेव्हा मी त्या पोरीच्या बाजूनं होते," ती मला एकदा म्हणाली. "आता तिच्या आईची बाजू पटते. आई किती दमलीय, ते तेव्हा दिसलंच नव्हतं."

मी साताऱ्याची, या तंजावरी मराठी घरात सून म्हणून आले. इथं बायकांनी मोठ्यानं हसलेलं खपत नाही, हे मला आल्या आल्या कळलं. त्यात त्या वर्षी आक्काच्या लेकीसाठी, कीर्तनासाठी, कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं आणि जागेसाठी सगळ्यांचा डोळा आक्काच्या पुस्तकांच्या कपाटावर गेला.

"या वयात पोरीटोरींची पुस्तकं! दसरा होऊ दे, अस्की रद्दीत घाल, एकही ठेवू नको," सासूबाई म्हणाल्या. आक्काच्या नवऱ्यानं, विजयेंद्रभाऊजींनी, नंदीबैलासारखी मान हलवली. आक्काला विचारायचं कुणाला सुचलंसुद्धा नाही. माझं डोकंच फिरलं.

सरस्वतीपूजेला आमच्याकडे घरातली पुस्तकं देवीपुढे रचतात. त्या दिवशी कुणी अक्षर वाचायचं नाही. विजयादशमीला सकाळी ज्यानं त्यानं आपलं पुस्तक उचलून मोठ्यानं वाचायचं. सासूबाईंनी रामायण ठेवलं, कीर्तनानं गणित. मग आक्का न्हाऊन आली, पाचही भाग देवीपुढे मांडले आणि एकेकावर हळदकुंकू वाहिलं.

"अय्यय्यो! देवीपुढे हे?" सासूबाईंचा हात पुढे आला आणि तसाच मागे गेला. पूजेतलं उचलायची छाती त्यांनाही नव्हती.

"पुस्तकंच आहेत की, अम्मा. आता यांना रद्दीत कोण घालणार?"

"कनका, हट्ट पुरे. कॉम्प्युटर कुठे ठेवायचा?" भाऊजी म्हणाले.

"तुमचा टीव्ही हलवा. या घरात आल्यावर मी जेवणाची चव बदलली, झोपायची वेळ बदलली, हसायचा आवाजही कमी केला. पुस्तकं देणार नाही."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. हातात सुंडलाचं, प्रसादाच्या हरभऱ्याच्या उसळीचं, पातेलं होतं, म्हणून राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी रामायणातल्या चार ओळी वाचल्या. कीर्तनानं एक प्रमेय पुटपुटलं. मग आक्कानं पहिला भाग उचलला. इंग्रजी वाक्य वाचायची, लगेच घरच्या मराठीत सांगायची आणि पोट धरून हसायची. एक पान झालं, दोन झाली, दहा झाली. कीर्तना गणित ठेवून तिला चिकटून बसली. मीही बसले. भाऊजी पेपर शोधायला म्हणून उठले आणि दारातच थांबले.

"पोदुम! पुरे झालं," सासूबाई कडाडल्या. "शास्त्रापुरतं वाचायचं असतं."

आक्कानं शांतपणे पान उलटलं.

"विजयादशमीला हाती घेतलेलं अर्धवट सोडायचं नाही, तुम्हीच शिकवलंत ना, अम्मा? बसा. अजून पहिलाच भाग चाललाय."