तीन ठिकाणी तोच आकडा

चार वर्षं मी पऱ्हाटी जाळत होते, तीही कॉम्प्युटरवर. कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या या काड्या आमच्या धरणगावकडे चुलीत जातात. त्यांच्या धुरात नेमकं काय तयार होतं, हा माझा पीएचडीचा विषय. जळगावच्या कॉलेजात एवढं गणित ओढणारं मशीन कुठलं असायला! म्हणून सगळं काम एका सामाईक पोर्टलवर. जगभरचे लोक तिथे ज्वलनातल्या रासायनिक क्रियांच्या फायली टाकतात, एकमेकांच्या उचलतात, आणि गणित कुठल्या तरी दूरच्या मशीनवर चालतं. माझीही फाइल तिथे होती.

प्रबंध जमा केल्यावर जुनी वही चाळताना दिसलं, एका क्रियेच्या वेगाचा आकडा मी चुकून दहापट चढवला होता. शेवटची दोन प्रकरणं त्याच आकड्यावर उभी होती.

घाईघाईने पोर्टल उघडलं. आणखी तीन गटांच्या फायलींत तोच आकडा! इतकी हलकी झाले की कॅन्टीनमध्ये जाऊन दोन कप चहा प्याले. मग उशिरा शहाणपण सुचलं आणि त्यांनी तो कुठून घेतला ते पाहिलं. तिघांनीही माझ्याच फाइलमधून उचलला होता.

फाइल काढायला गेले, तर पोर्टल काढू देईना. दुसऱ्या कुणी वापरलेली फाइल पुसता येत नाही. फक्त खाली स्वतःच्या नावाने ‘चूक आहे’ असं लिहिता येतं. तसं लिहिलं की प्रबंध परत, चार वर्षं पाण्यात. मार्गदर्शक सरांना सांगितलं, तर म्हणाले, “तिघांना चालतो ना? मग तुलाच कसली घाई? आधी तोंडी परीक्षा होऊ दे.” मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण मला हेच ऐकायचं होतं. इकडे आड, तिकडे विहीर. आई फोनवर रोज विचारायची, “व्हयनं का व बठ्ठं?” सगळं झालं का, एवढंच तिला हवं होतं.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं त्याच पानावर बोट ठेवलं. “हा आकडा जरा मोठा वाटतो. खात्री केलीत?”

सर खिडकीबाहेर बघू लागले.

“हो,” मी म्हणाले, “आणखी तीन ठिकाणी तोच आहे.”

बाहेर पेढे आले होते. मी सगळ्यांना वाटले, स्वतः एकही खाल्ला नाही.

परवा पोर्टलवर एका अनोळखी मुलीचा निरोप आला. तिने पऱ्हाटी खरोखर जाळून मोजमाप घेतलंय आणि ते माझ्या आकड्याशी जुळत नाही. वर्षभर ती तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करतेय. तिने विचारलंय, “माझंच कुठे चुकतंय, मॅडम?”

रोज माझ्या फाइलखाली ‘चूक आहे’ एवढं टाइप करते, आणि पुसते.