आतला करंट

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी बदलापूरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. तिथला एक जुना एलसीडी मॉनिटर बिघडला. पडद्यामागचा दिवा गेला होता; टॉर्च मारली तर चित्र अंधुक दिसायचं. मी तो क्लासकडून मागून घेऊन घरी आणला. आतली काच काढून खालून उजेड टाकणाऱ्या ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवली, की चित्र भिंतीवर मोठं पडतं, असं नेटवर वाचलं होतं. तसला प्रोजेक्टर उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडे मिळाला. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात मुलांना सिनेमे दाखवायचे होते.

पप्पा लगेच मदतीला बसले. अंबरनाथच्या कारखान्यातून ते रिटायर झाले होते. आधी इलेक्ट्रिक खात्यात, नंतर स्टोअरमध्ये. स्टोअर म्हणजे प्रमोशन, असंच आम्हाला माहीत होतं.

त्यांनी मागचं झाकण उघडलं, प्लग लावून चित्र येतंय का बघितलं, प्लग काढला आणि सरळ आतल्या सप्लायच्या बोर्डाला हात घातला.

फाट् असा आवाज झाला. पप्पा मागे भिंतीवर आदळले. अंगठ्यावर काळा ठिपका उमटला होता. मी ओरडत धावले. आई पाणी घेऊन आली. पण पप्पा आमच्याकडे बघतच नव्हते.

"कपॅसिटर," ते म्हणाले. "पुन्हा तेच विसरलो."

"पुन्हा म्हणजे?"

ते अंगठ्यावरचा ठिपका चोळू लागले. मग बोलले. कारखान्यात त्यांच्या जोडीला इथल्याच, बदलापूरजवळच्या सोनिवलीचे एक मित्र होते. "मी एका मशीनचा सप्लाय बंद केला आणि त्याला म्हटलं, घाल हात. बंद केल्यावरही कपॅसिटरच्या आत करंट साठलेला असतो, तो आधी काढायचा होता. मी काढला नव्हता. त्याची तीन बोटं गेली."

"अपघात होता ना पण," आई म्हणाली.

"चौकशीत मी सांगितलं, त्यानं न विचारता हात घातला. त्याची नोकरी गेली. मी स्टोअरला बदली मागून घेतली."

मी खोटं बोलले म्हणून याच माणसाने लहानपणी मला दिवसभर दाराबाहेर उभं केलं होतं. आईला तरी माहीत असेल म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. तिलाही हे नवीन होतं; ती तांब्या धरून तशीच उभी होती.

पुढचे चार दिवस मी पप्पांशी बोलले नाही. पाचव्या दिवशी ते शर्ट घालून माझ्यासमोर उभे राहिले. "स्कूटर काढ. एकट्यानं जायची हिंमत नाही माझी."

सोनिवलीत त्या काकांचं घर शोधायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. पप्पांनी "जयभीम" म्हटलं. ते तिथेच जमिनीवर बसले.

काका त्यांच्याकडे बघत राहिले. "बदलापुरात राहतोस ना?" त्यांनी विचारलं. "मग इतकी वर्षं लागली यायला?"

पप्पा रडत रडत चौकशीतलं खोटं कबूल करू लागले. काकांनी त्यांना उठवलं नाही की जवळही घेतलं नाही. तीन बोटं नसलेला हात मांडीवर ठेवून ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हे तेव्हा साहेबांसमोर बोलायला पाहिजे होतंस."

मॉनिटरचं काम पुढे मी एकटीनेच पुरं केलं. मुलांनी सिनेमे पाहिले. पप्पा मात्र दर रविवारी सोनिवलीला जाऊ लागले. तिथे काय बोलणं होतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.