कबुतरांसाठी टांगलेली सीडी

समोरच्या बाल्कनीत कुणीतरी कबुतरांना घाबरवायला जुनी सीडी टांगली आहे. ती उन्हात चमकली की मला आमच्या अंधेरीच्या घराच्या दारात उभा असलेला सुहास दिसतो.

सुहास माझा कोळीवाड्यातला मित्र. एका छोट्या कंपनीत असताना त्याने मासेमारीचा व्हिडिओ गेम बनवला होता. त्यातल्या मासेवालीला आवाज त्याच्या आईने दिला होता. गेम खपला नाही, कंपनी बंद पडली. उरली एकच सीडी, मी विकत घेतलेली. त्याची आई वारल्यावर तो माझ्याकडे आला.

"एक कॉपी काढून दे ना रे. आयचा आवाज आहे त्यात."

कव्हरवर 'कॉपी करण्यास मनाई' असं छापलेलं होतं. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "बेकायदेशीर आहे यार ते."

"अरे, कंपनीच नाय राहिली. पकडणार कोण तुला?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

हे मी ज्या कॉम्प्युटरला टेकून बोललो, त्यातलं झाडून सगळं सॉफ्टवेअर चोरीचं होतं. कॉपी काढणं दहा मिनिटांचं काम, तेही मी केलं नाही. त्यात चोरी नेमकी कुणाची झाली असती, हे मला आजही सांगता येत नाही.

वर्षभराने लाज वाटली आणि मी सीडी शोधू लागलो. ती आमच्याच बाल्कनीत दोरीला लटकत होती, माझ्या आईने टांगलेली. चंदेरी थर उन्हाने सोलवटला होता. कॉम्प्युटरने ती नुसतीच गरगर फिरवली.

"राहू दे रे," मी सांगितल्यावर सुहास म्हणाला. "कबुतरं तरी घाबरली का?"

नव्हती घाबरली. सीडीच्या बरोब्बर खालीच अंडी घातली होती.