आधारदांड्याचं माप

"थांबा, आधी मला पडू द्या," असं म्हणून ती पदर कमरेला खोचायची, तळपायांना साबण फासायची, डोळे गच्च मिटायची आणि नव्या न्हाणीघरात चालू लागायची. घसरली तर फरशी नापास. नाही घसरली तरी लगेच पास नव्हे. दुसरी फेरी व्हायचीच.

कळमनुरीच्या रस्त्यावरच्या आमच्या वृद्धाश्रमात ती आया होती आणि मी व्यवस्थापक. म्हणजे सह्या माझ्या, काम तिचं. सगळे तिला मावशी म्हणत. ती मात्र प्रत्येक आजीला 'याडी' म्हणे. तिच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात.

एकदा भरदुपारी ती नव्या गादीवर आडवी झालेली मला सापडली. मी आवाज चढवला.

"झोपले न्हाई सर, गादी पाहून राहिले," ती डोळे न उघडता म्हणाली. "कूस बदलाया मलाच जोर लागून राहिला. याडीला कसं जमंल?"

गादी दुकानात परत गेली. भाकरीचंही तेच. दातांवर ओठ दुमडून ती पहिली भाकरी बोळक्यानं चावल्यासारखी चावून बघायची आणि स्वयंपाकीणबाई तिच्याकडे डोळे वटारून बघत उभ्या असायच्या. "दात हायेत त्याला समदंच मऊ लागतं," हे त्यांना ऐकावं लागायचं. तुम्ही म्हणाल, केवढी गुणी बाई! तिच्याबरोबर आठ दिवस नोकरी केली असतीत म्हणजे कळलं असतं.

मला ते नीट कळलं तपासणीच्या दिवशी. आश्रमाच्या मान्यतेची मुदत संपत आली होती. ती वाढवून मिळाली नसती, तर आमच्या एकवीस म्हाताऱ्यांची पांगापांग झाली असती. कुणी नांदेडला, कुणी परभणीला, जिथे खाट रिकामी असेल तिथे. इतकी वर्षं शेजारी शेजारी झोपलेली ती माणसं. या काळजीने मी फॉर्म असा भरला होता की बघत राहावं. प्रत्येक रकान्यात ठसठशीत 'आहे'. न्हाणीघरात आधारदांडा? आहे. मी स्वतः उभा राहून बसवून घेतला होता.

जिल्ह्याहून आलेल्या मॅडम सगळं बघून सहीला बसल्या. पेन उघडता उघडता त्यांनी सहज विचारलं, "काय मावशी, सगळं ठीक ना?"

"न्हाई मॅडम," मावशी म्हणाली. "दांडा हाय, पण आमच्या सरांच्या मापाचा हाय."

माझी उंची सहा फुटाला थोडी कमी. मावशीने मॅडमना न्हाणीघरात नेलं, स्वतः स्टुलावर बसली, आजीसारखी पाठ वाकवली आणि उठताना हात वर केला. हात भिंतीवरच चाचपडत राहिला, दांडा त्याच्या वीतभर वर. मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि पंधरा दिवसांची मुदत दिली.

त्या गेल्यावर मी मावशीवर तुटून पडलो. "काहून बोललात? आज सही झाली असती! दांडा मी उद्या बदलला असता!"

"मला पण वाटलं व्हतं सर, सांगावं का न्हाई," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पर याडी पडल्यावर सांगू व्हय?"

मी फाइल उचलली आणि रागातच निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी तिने सुतळी घेतली. एकेकाला स्टुलावर बसवायचं, उठायला लावायचं आणि उठताना हात आपसूक जिथे जाईल, तेवढ्या उंचीवर सुतळीला गाठ मारायची. आश्रमात नुसती जत्रा. एका आजोबांनी तर मापासाठी दाढी करून घेतली आणि ताठ बसले.

"छाती काढू नगा ओ आजोबा! फोटो न्हाई काढून राहिले. रोजच्यावानी वाका!"

एकवीस गाठींवरून दोन दांडे ठरले, एक खाली आणि एक त्याच्या वर. मिस्त्री हसला, पण बसवले त्याने. पंधराव्या दिवशी मॅडम आल्या, स्वतः स्टुलावर बसून उठून पाहिलं आणि तिथेच, ओल्या भिंतीला कागद लावून सही केली. सही थोडी पसरली. त्या दिवशी आश्रमात शिरा झाला आणि मावशीने तो अर्थातच आधी ओठांनी चावून बघितला.

पुढे मॅडम दरवर्षी येत आणि आधी मावशीलाच शोधत. मागच्या वर्षी मावशीच्या लेकीला जुळं झालं आणि ती तांड्यावर परत गेली. निरोपाला आश्रमातले सगळे जण फाटकापर्यंत चालत आले. मी फाइल शोधायचं निमित्त करून आत थांबलो, कारण मला रडू येत होतं.

यंदा नर्सीकडच्या एक आजी दाखल झाल्या, अगदी एवढ्याशा. खालचा दांडाही त्यांना उंच होतो. तपासणीचा फॉर्म समोर होता, मिस्त्री तपासणीनंतर चार दिवसांनी येणार होता. आधारदांड्याच्या रकान्याशी मी बराच वेळ अडलो. शेवटी लिहिलं, 'आहे. एका आजींना पुरत नाही.'

मॅडमनी रकाना वाचला, मान वर केली आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"मावशी परत आल्या?"

"नाही मॅडम," मी म्हणालो. "मीच लिहिलंय."