काळ्या बियरचं मटण आणि माझी सोयरीक

आधीच माफी मागून ठेवतो. चौथीत शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ माझ्याकडून हटकून चुकणार. भारी शब्द तर येतच नाहीत. जे झालं ते साधंच सांगतो. पण सांगू तरी कुठल्या तोंडाने? नुसतं आठवलं तरी कान तापतात!

मी उरणजवळच्या मोऱ्याचा. परदेशी मालवाहू बोटीवर स्वयंपाकघरात कामाला आहे. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून जवळच्याच करंजा गावच्या हिराचं स्थळ आलं, तिचे बाबा आणि काका आमचं घर बघायला येणार असं ठरलं, तेव्हा मी मनाशी म्हटलं, आपल्याला बोलता येत नाही ना? मग रांधून खाऊ घालू!

हिराला मी उरणच्या बाजारात पाहिली होती. पापलेटाच्या भावावरून एका शेठला तिने असा गार केला होता, की मी तिथेच होकार देऊन टाकला. मनातल्या मनात, अर्थात.

आता आमच्या बोटीचा गोव्याचा आचारी मिंगेल मटण कशात शिजवतो, ठाऊक आहे? काळ्या बियरमध्ये! साहेब लोक तिला स्टाउट म्हणतात. डांबरासारखी काळी, चवीला कडवट. पण मटणात पडली आणि मंद आचेवर रटरटली, की रस्सा असा दाट, असा खमंग होतो, काय विचारता! त्याच बियरचा तो केकही भाजतो. "नशा वाफेबरोबर जाते बाबा, चव तेवढी उरते," असं मिंगेल म्हणायचा.

दिवस दारूबंदीचे. तरी दोन बाटल्या वळकटीत गुंडाळून मी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोऱ्याला आणल्या. पोलीस दिसला की मी वळकटीला लहान पोरासारखं थोपटायचो.

पाहुणे येणार त्या दिवशी एक बाटली मटणात ओतली. दुसरी गूळ-अंड्यांबरोबर केकच्या पिठात, टोपाच्या खाली निखारे, झाकणावर निखारे. घरभर वास सुटला. तेवढ्यात आय तांदळाचं पीठ घेऊन आली आणि सहज म्हणाली, "हिराच्या बाबाला ताडी-माडी कायपन विचारू नको हां. औंदा द्रोनागिरी देवीसमोर शपथ घेतलीय त्याने. दारूचा थेंब पोटान जानार नाय! आता दुसऱ्यांच्या बाटल्या फोडत फिरतो."

माझ्या हातातला डाव टोपात पडला.

दुसरं मटण कुठून आणू? आयला सांगू? जीभ टाळूला! आणि पाहुणे दारात.

पानं वाढली. काकांनी रश्शात भाकरी बुडवली, वर धरली, निरखली. "काय रं पोरा, मटन एवढं काळं कशाने?"

"औ... औषध," माझ्या तोंडून गेलं.

"औषध? कसलं?"

"ताकदीचं."

काकांचा घास हातातच राहिला. "का? ताकदीला काय झालं तुझ्या?"

आणि आमची आय, बिचारी घाबरून बाहेर आली. "अरे, औषध कधीपासून घेतोस तू? मना नाय सांगितलंस!"

"घ्या!" काका म्हणाले. "आयला पन ठाव नाय! म्हंजे रोग लपवलेला हाय." उष्टा हात आवरून ते उठले आणि डाव्या हाताने माझी पापणी खाली ओढून बघू लागले. "डोळे पिवळे दिसतात."

"बोटीवर काय काय लागतं पोरांना," असं म्हणून आयने डोळ्यांना पदर लावला.

हिरा हातची चालली! मला काय झालं कोण जाणे, मी उभा राहून ओरडलो, "रोग नाय! दारू हाय ती! मटनात बी आनि केकात बी!"

आयने कपाळावर हात मारला.

हिराचे बाबा तोवर एक अक्षर बोलले नव्हते. त्यांचं दुसऱ्यांदा वाढलेलं ताट निम्मं झालं होतं. त्यांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अरे, मी वीस वर्षं बोटींवरचा माल उतरवला," ते हळूच म्हणाले. "पयल्या घासालाच कळलं मना. गप खात होतो. जेवनाराला कुनी सांगितलं नाय, तर देवी तरी काय बोलनार? आता तू बोंबलून सांगितलंस. आता कसा खाऊ?"

आणि लेकीची पाठवणी करावी तसं त्यांनी ते ताट पुढे सरकवलं. काका मात्र परत बसले. "मी कुठं शपथ घेतलीय?" म्हणत त्यांनी केकचा मोठा तुकडा उचलला.

जाताना बाबा एवढंच म्हणाले, "कळवतो." सोयरिकीत 'कळवतो' म्हणजे काय, ते तुम्हालाही माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेला सदरा घातला, नारळ घेतला आणि करंजाला चालत गेलो. म्हटलं, माणसाची शपथ आपण मोडली, तर माफी त्याच्या घरी जाऊनच मागायची. दार हिराच्या आईने उघडलं. मी नारळ पुढे केला, डोळे मिटले आणि वाटेत पाठ केलेलं एका दमात म्हणून टाकलं. मटण, केक, दोन बाटल्या, दोनदा वाढलेलं ताट, सगळं!

डोळे उघडले तर आत खाटेवर हिराचे बाबा दोन्ही हातांनी मला 'गप, गप' अशा खुणा करत होते.

"असं काय?" हिराची आई मागे वळली. "रात्री मना सांगितलंत, यांच्याकडं नुसता डालभात व्हता!"

दाराआड कुणीतरी खळखळून हसलं. तो आवाज मी बाजारात ऐकलेला होता.

आईने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "पोरगा खोटं बोलत नाय. मना पसंत हाय."

"अगो, जरा इचार कर!" बाबा खाटेवरून काकुळतीला आले. "असा जावई घरान आनलास, तर मी जगायचा कसा?"