भुशाला भाव आला

बाजार वाढला की सगळ्यांचंच भलं होतं, असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. वाद घालायला मला येत नाही. मी त्या माणसाला आमच्या फुलचूरच्या गोमतीची गोष्ट सांगतो आणि गप्प बसतो.

गोमती ढिवराची. नवरा शालीकराम तलावात जाळं टाकायचा. तो पोटाच्या दुखण्याने गेला आणि मागे राहिली पोर सोनिका आणि दारातली मुरमुऱ्यांची भट्टी. माझं घर समोरच, म्हणून तिचं काम मी रोज बघत आलो. कढईत तापलेली रेती, त्यात मिठाच्या पाण्याचा हात लावलेले तांदूळ, उजव्या हातात खराटा, आणि डाव्या हाताने भट्टीच्या तोंडात धानाचा भुसा टाकणं चालूच. एक मूठ, मग जरा थांबून दुसरी. मुठीवरच सगळा खेळ. जास्त पडला तर नुसता धूर, कमी पडला तर तांदूळ फुलायचेच नाहीत. नागपंचमीला अख्खा मोहल्ला चणे घेऊन तिच्या दारात बसायचा आणि ती सगळ्यांवर खेकसायची, "पुढे-पुढे करू नोका! भट्टी का तुमच्या बापाची होय?" शिव्या खाऊनही लोक तिच्याकडेच यायचे, कारण तिच्यासारखे फुटाणे गोंदियात मिळत नव्हते.

भुसा फुकटचा होता. फुकटचा काय, मिलवालेच हात जोडायचे. राइस मिलच्या मागे भुशाचे ढीग साचायचे आणि वारा सुटला की तो डोळ्यांत, विहिरीत, वाळत घातलेल्या कपड्यांवर. नव्याण्णव साली मिलचे मालक मुन्नालाल सेठ स्वतः तिला म्हणायचे, "ले जा बाई, जितना चाहे ले जा, मेहरबानी होगी." पोतं भरून झालं की चहाही पाजायचे. भुसा उचलून आपण सेठवर उपकार करतो, अशी गोमतीची पक्की समजूत होती आणि ती चुकीची नव्हती.

मग भुशावर वीज करणारा कारखाना आला. मंडप, हार, भाषणं. कचऱ्याचं सोनं होणार, मिलवाल्यांना भाव मिळणार, पोरांना नोकऱ्या, गावाला वीज. पाहुण्यांना जो चिवडा दिला तो गोमतीच्या मुरमुऱ्यांचा होता. ती मागे उभी राहून टाळ्या वाजवत होती.

काही दिवसांनी ती नेहमीसारखी पोतं घेऊन मिलच्या मागे गेली, तर ढिगाभोवती तारेचं कुंपण आणि फाटकावर नवा चौकीदार, धनेंद्र. भुशाला आता भाव आहे, असं त्याने सांगितलं. ही पोट धरून हसली. तिला वाटलं, पोरगा थट्टा करतोय. "भुशालेबी कोनी पैसे देते का बे?" असं म्हणत ती तारेखालून वाकून आत शिरली आणि पोतं भरू लागली. धनेंद्रने आरडाओरडा केला, माणसं जमली, कोणीतरी पोतं हिसकावून ओतलं, आणि कोणीतरी तिला चोर म्हणालं. आयुष्यभर भांडखोर म्हणून नावाजलेली बाई, पण त्या शब्दावर तिने रिकामं पोतं उचललं आणि त्याची घडी घातली.

सेठ बाहेर आले. माणूस वाईट नव्हता. "मैं क्या करूँ बाई," ते म्हणाले, "जो भाव कारखाना देता है, वो तू दे दे. पहला हक तेरा." असा हक! तो भाव देऊन मुरमुरे केले असते तर ते घेणार कोण होतं?

त्यानंतर तिची धडपड एकच, भट्टी बंद पडू द्यायची नाही. लाकडावर करून पाहिलं. लाकूड एकदम भडकतं, ते मुठीने आवरत नाही. मुरमुरे लाल पडायचे, करपट लागायचे. दुसऱ्या मिला पालथ्या घातल्या, पार कामठा गावापर्यंत चालत गेली. सगळीकडे तीच तार. तोवर किराणा दुकानांत मशीनचे पांढरेशुभ्र मुरमुरे पुड्यांत लटकू लागले होते आणि पुढच्या नागपंचमीला मोहल्ला तिकडे वळला. पावसाळ्यात भट्टीचं तोंड खचलं. मी म्हणालो, "गोमतीबाई, लिपून घे ना."

"कायले लिपू?" ती म्हणाली. "तिच्या पोटात का घालू? माहे हात?"

शेवटी ती त्याच कारखान्यात ठेकेदाराकडे लागली. दिवसभर भुशाच्या ढिगावर फावडं मारायचं. रोजी मिळत होती, हे मान्य. सेठांनी मिल वाढवली, ठेकेदाराने गाडी घेतली, त्यांचं खरंच सोनं झालं. आमच्या गल्लीत लोडशेडिंग होतं तसंच राहिलं. गोमतीला खोकला जडला. पण मला जास्त लागलं ते हे, की ती भांडेनाशी झाली. कोणी काही बोललं तरी मान हलवायची आणि पुढे जायची.

दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात एका भुशाच्या ट्रकची ताडपत्री आमच्या वळणावर फाटली. रस्त्यावर लांबच लांब भुसा सांडला. ट्रकवाला थांबलाही नाही. सोनिका आता चांगली मोठी झाली होती. चुलीला होईल म्हणून ती घमेलं घेऊन धावली आणि हाताने गोळा करू लागली. तेवढ्यात गोमती कामावरून आली. तिने काही न विचारता पोरीच्या थोबाडीत मारली.

"चोरी करून राहिली का वो? कोनाचा माल होय हा?"

"माय, सांडला हाये तो रस्त्यावर," सोनिका रडत म्हणाली. "कोनाचाच नाही."

"सांडला त का झाला? टाक वापस."

मी मध्ये पडलो. म्हणालो, अगं, वाऱ्याने उडून जाईल तो, कोण येतंय विचारायला? तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सोनिकाने घमेलं रस्त्यावर पालथं केलं. मग गोमतीने स्वतःचा पदरही तिथेच झटकला, दिवसभरात अंगाला चिकटलेला भुसा घरात जाऊ नये म्हणून, आणि ती आत गेली.